मुंबईत नव्याने राहायला येताय? आधी स्टेशन ठरवा, मग घर

मुंबईत नव्याने येणारे बहुतेक जण घरापासून सुरुवात करतात. फोटो बघतात, भाडं बघतात, फ्लॅट आवडला की टोकन देतात आणि मग ऑफिसला जायला रोज किती वेळ लागतो ते पहिल्या सोमवारी कळतं. क्रम उलटा हवा. इथे भाडं चौरस फुटांवर कमी आणि वाचणाऱ्या वेळावर जास्त ठरतं. घर महाग आहे आणि ते तसंच राहणार, पण घराबाहेरचं शहर, म्हणजे प्रवास, खाणं, समुद्र, नाटक, बागा, हे सगळं त्या मानाने स्वस्त आहे. म्हणून घर लहान चालेल, पण योग्य जागी हवं. पुढचं सगळं या एका हिशेबावर उभं आहे.

पहिली पायरी: लाइन आणि स्टेशन

नकाशावर आधी ऑफिसचं जवळचं स्टेशन शोधा आणि ते कुठल्या लाइनवर आहे ते बघा. वेस्टर्न लाइन चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाते. सेंट्रल सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ठाणे-कल्याणकडे, आणि कल्याणला तिचे कर्जत व कसारा असे दोन फाटे होतात. हार्बर सीएसएमटीहून वाशी-पनवेलकडे जाते, तिची एक शाखा वडाळ्याहून अंधेरी-गोरेगावकडे वळते. ट्रान्सहार्बर ठाण्याला नवी मुंबईशी जोडते. ऐरोली, घणसोली किंवा महापे भागात नोकरी असेल तर हीच तुमची लाइन.

घर आणि ऑफिस एकाच लाइनवर असणं हे पहिलं सूत्र. सकाळी साडेआठ-नऊला दादरचा पूल ओलांडून वेस्टर्नची सेंट्रल करणं नकाशावर दोन मिनिटांचं दिसतं. प्रत्यक्षात दहा मिनिटं सहज जातात, आणि पुढची गाडी गर्दीमुळे सोडावी लागली तर आणखी दहा. लाइन बदलणं टळतच नसेल तर मेट्रोने बदलता येतं का ते तपासा. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही मेट्रो १ सेंट्रल आणि वेस्टर्न या दोन्ही लाइनना जोडते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ आता पूर्ण सुरू असल्याने बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वरळी, सीप्झ अशा ऑफिसांच्या भागांत स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभं न राहता पोचता येतं.

आता वेळ. गाडीतला वेळ साधारण असा धरा: बोरिवली ते चर्चगेट फास्टने ५० मिनिटं, ठाणे ते सीएसएमटी फास्टने ४० ते ४५, डोंबिवलीहून तासभर, कल्याणहून त्याहून थोडा जास्त, विरारहून चर्चगेटला जवळजवळ दीड तास. हार्बर आणि ट्रान्सहार्बरवर फास्ट गाड्याच नाहीत, त्यामुळे पनवेल ते सीएसएमटीला ८० मिनिटं लागतात. यात घर ते स्टेशन, गाडीची वाट आणि स्टेशन ते ऑफिस मिळवा. जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं रात्री अकराच्या रिकाम्या रस्त्यावर, रिक्षाची. संध्याकाळी सात वाजता स्वतः चालून बघा. दारापासून दारापर्यंत एका बाजूचा वेळ सव्वा तासाच्या पुढे जात असेल, तर वाचलेल्या भाड्याची किंमत तुम्ही झोपेतून चुकवणार आहात.

आणखी एक गोष्ट दलाल सांगत नाहीत, रोजचे प्रवासी मात्र पहिली विचारतात: गाडी कुठून सुटते? ज्या स्टेशनहून लोकल सुरू होतात तिथे सकाळी बसायला मिळू शकतं. बोरिवली, भाईंदर, विरार, ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर ही अशी स्टेशनं. त्यांच्या पुढच्या एक-दोन स्टेशनांवर भाडं थोडं कमी असेल, पण तिथे गाडी भरूनच येते. काही जण उलट दिशेने एक-दोन स्टेशनं मागे जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. त्यासाठी पास त्या मागच्या स्टेशनपर्यंतचा काढावा लागतो, नाहीतर टीसी पकडतो आणि दंड भरावा लागतो.

सकाळची गर्दी मुख्यतः दक्षिणेकडे, संध्याकाळची उत्तरेकडे. तुमचं ऑफिस ठाण्याला किंवा बोरिवलीला असेल तर त्याच्या दक्षिणेला घर घेऊन उलट दिशेने, आरामात प्रवास करता येतो. ही चैन फार थोड्यांच्या लक्षात येते.

भाड्याचा ढोबळ नियम: उत्तरेकडे सरकत जाल तसं भाडं उतरतं. वेस्टर्न लाइनवर पश्चिमेची बाजू पूर्वेपेक्षा सहसा महाग असते. एकाच स्टेशनवरही चालत पोचण्याच्या अंतरात असलेलं घर आणि रिक्षाने जावं लागणारं घर यांच्या भाड्यात चांगलाच फरक असतो. रिक्षाचा महिन्याचा खर्च आणि पावसाळ्यात रिक्षा न मिळण्याचा मनस्ताप मिळवला की तो फरक बराचसा वितळतो.

दुसरी पायरी: हातात किती पैसे हवेत

भाडं परवडतं म्हणजे घर परवडतं असं नाही. पहिल्या महिन्यात एकदम बरीच रक्कम बाहेर पडते. समजा भाडं ३०,००० आणि डिपॉझिट १,००,००० ठरलं. डिपॉझिट, पहिलं भाडं ३०,०००, दलाली एक महिन्याचं भाडं म्हणजे ३०,०००, करारावरची स्टॅम्प ड्युटी ८५०, नोंदणी फी १,०००. झाले १,६१,८५०. त्यावर टेम्पो, हमाल, करार करून देणाऱ्या एजंटची फी, पडदे, बादल्या, गॅस. म्हणजे भाड्याच्या सहापट रक्कम खात्यात असेल तरच घर बघायला निघा.

डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापासून सहा महिन्यांपर्यंत काहीही मागतात, आणि इथे घासाघीस चालते. भाड्यात हजार रुपये कमी करून घेणं जड जातं, पण डिपॉझिट कमी करायला मालक बऱ्याचदा तयार होतो. 'हेवी डिपॉझिट' नावाचा एक वेगळा प्रकार आहे: मोठी रक्कम द्यायची आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. ऐकायला छान, पण घर सोडताना ती रक्कम मालकाकडे तयार असेलच असं नाही. पुढचा भाडेकरू सापडेपर्यंत तुमचे पैसे अडकतात. शहरात नवे असाल तर यात पडू नका. दक्षिण मुंबईतल्या आणि दादर-परळच्या जुन्या इमारतींत 'पागडी' हा शब्द ऐकू येईल. तो भाड्याचा नाही, हक्कांच्या गुंत्याचा विषय आहे. त्यापासूनही दूर राहा.

एकटे असाल तर पहिले दोन-तीन महिने पीजी किंवा शेअरिंगमध्ये काढणं शहाणपणाचं. तेवढ्यात शहर कळतं, आणि घाईत घेतलेल्या घराची अकरा महिन्यांची शिक्षा टळते.

तिसरी पायरी: घर बघणं

भाडं कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर, बोला. बिल्टअप आणि सुपर बिल्टअप हे आकडे जिन्याला, लिफ्टला आणि लॉबीला घरात मोजतात. 'वन आरके' म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. यात बेडरूम धरलेली नसते.

घर दोनदा बघा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. दुसऱ्या खेपेला वॉचमनशी बोला, त्याला दलालापेक्षा जास्त माहिती असते. विचारायचं ते हे: पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का? पावसात गेटसमोर पाणी साचतं का, आणि किती, घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत? लिफ्टला जनरेटरचा आधार आहे का? महापालिकेचं पाणी विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा या सात तलावांमधून येतं, आणि प्रत्येक विभागाला ठरलेल्या वेळीच मिळतं. सोसायटीच्या टाक्या मोठ्या असतील तर नळाला दिवसभर पाणी, नाहीतर सकाळी दोन तास. तलावांची पातळी खाली गेली की पावसाळा लागायच्या आधी कपात जाहीर होते, तेव्हा हा फरक जाणवतो.

भिंती हात लावून बघा. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवर पाऊस थेट आपटतो. ताज्या रंगाखाली फुगवटे दिसले, किंवा कपाटामागे कुबट वास आला, तर तिथे ओल आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर छताचे कोपरे बघा. बाथरूमखालच्या घरात गळती असेल तर खालच्या शेजाऱ्याचं भांडण तुम्हाला घराबरोबर फुकट मिळेल.

इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत ते नक्की विचारा. बिल्डर ठरला की मालकाला पर्यायी भाडं मिळतं, भाडेकरूला मात्र फक्त नोटीस मिळते. महापालिका अतिधोकादायक इमारती 'सी-१' वर्गात टाकते आणि पावसाळ्याआधी त्या रिकाम्या करायला सांगते. अशा इमारतीतलं स्वस्त घर हे घर नव्हे.

आणि एक कडू गोष्ट. काही सोसायट्या अविवाहितांना घर देत नाहीत, काही मांसाहारी कुटुंबांना. दलाल हे फोनवर सांगत नाही, तिसऱ्या भेटीत आडनाव विचारून सुचवतो. पहिल्याच फोनवर स्वतः स्पष्ट विचारा, रिक्षाचे पैसे वाचतील.

चौथी पायरी: करार

इथे सर्वात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

मुंबईत भाड्याचा करार बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स' प्रकारचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हेही त्याच कलमात आहे. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' असं सर्रास ऐकवलं जातं. ती समजूत एक वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्यांबद्दलच्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून आली आहे, महाराष्ट्रात ती लागू पडत नाही. स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली असंही नाही. असा कागद बँकेत किंवा पासपोर्टच्या पत्त्यासाठी दिलात की पहिला अडथळा तिथेच येतो.

प्रक्रिया सोपी आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कराराचा मसुदा भरतात. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे आधारशी पडताळले जातात. अधिकृत एजंट ठशांचं यंत्र घेऊन घरी येतो, ऑफिसात खेटे घालावे लागत नाहीत. काही दिवसांत नोंदणीकृत प्रत ऑनलाइन मिळते.

स्टॅम्प ड्युटीचा हिशेब स्वतः करून बघा. संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं ३,३०,०००, डिपॉझिटवरचं व्याज पूर्ण वर्षाचं धरून १०,०००, बेरीज ३,४०,०००, ड्युटी ८५०. नोंदणी फी शहरी भागात १,०००. बाकी जे काही मागितलं जाईल ती एजंटची मजुरी. ती आधी ठरवा.

सही करण्याआधी मसुद्यात या गोष्टी शोधा:

– लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, किती महिने, आणि तो दोघांना सारखा लागू आहे का. बऱ्याच छापील मसुद्यांत तो फक्त भाडेकरूला असतो.
– घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची. एक महिना रास्त.
– डिपॉझिट कधी परत. 'किल्ली देताना, त्याच वेळी' असे शब्द हवेत. 'नंतर हिशेब करून' हे शब्द नकोत.
– रंगाचे पैसे. 'नेहमीची झीज वगळता' असं लिहून घ्या, नाहीतर डिपॉझिटमधून पूर्ण घराचा रंग कापला जातो. डिपॉझिटवरून होणारी बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात.
– गळती आणि ओल यांची दुरुस्ती मालकाने करायची, हे वाक्य.
– मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते तो मालकाच्या बिलात येतो आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. तो तुमच्या माथी मारला जात नाही ना, ते बघा.
– पुढच्या करारात भाडं किती टक्क्यांनी वाढेल, आणि नूतनीकरणाला दलाली द्यायची की नाही. दलाल दर अकरा महिन्यांनी येतो. पहिल्याच वेळी २४ किंवा ३६ महिन्यांचा करार केला तर हा प्रश्न मिटतो.

मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर कायद्याप्रमाणे दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई द्यावी लागते. म्हणून नूतनीकरणाचं बोलणं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, दोन महिने आधी सुरू करा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम. ते ऑनलाइन होतं आणि सोसायटी त्याची प्रत मागते. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने भाड्यातून २ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, कापून सरकारकडे भरायचा असतो. हे बऱ्याच नोकरदारांना नोटीस आल्यावर कळतं.

किल्ली मिळाली की सामान आणण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, नळ, पंखा, फरशीतली चीर. त्याच दिवशी तो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. विजेच्या मीटरचा फोटोही काढा आणि मागची थकबाकी आहे का ते ग्राहक क्रमांक टाकून बघा.

पाचवी पायरी: सामान, वीज, गॅस

सामान हलवायच्या वेळा सोसायटीला विचारून ठरवा. दुपारी लिफ्ट बंद किंवा रविवारी सामान वर्ज्य, असे नियम असतात. वन बीएचकेचं सामान एक-दोन खेपांत 'छोटा हत्ती' टेम्पोत मावतं. मोठा सोफा आणू नका. तो जिन्याच्या वळणावर अडकतो, हा इथला रोजचा तमाशा.

वीज कुणाची हे भागावर अवलंबून. शहर भागात बेस्ट, उपनगरांत बहुतांश अदानी किंवा टाटा, आणि मुलुंड-भांडुप, ठाणे, नवी मुंबईत महावितरण. मीटर मालकाच्या नावावर राहिलं तरी चालतं, बिल भरल्याच्या पावत्या ठेवा. दर टप्प्याटप्प्याने वाढतात, १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पुढे. त्यामुळे एसी रात्रभर चालवला की बिल नुसतं वाढत नाही, उडी मारतं. ऑक्टोबर आणि मे हे दोन महिने हिशेबात धरा. पाइप गॅस असलेलं घर मिळालं तर उत्तम. नसेल तर गावाकडचं कनेक्शन ट्रान्सफर करून आणा आणि तोवर पाच किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्रावर घ्या.

गाडी आणायचा विचार असेल तर आधी पार्किंगचं उत्तर घ्या. भाडेकरूला जागा मिळेलच असं नाही, आणि रस्त्यावर लावलेली गाडी पावसात आणि टोइंगमध्ये सारखीच बुडते. पहिलं वर्ष गाडीशिवाय सहज जातं.

सहावी पायरी: लोकल शिकणं

तिकीट रोज काढू नका, पास काढा. मोबाइल ॲपवर निघतो आणि रांगेपेक्षा बराच वेळ वाचतो. फर्स्ट क्लासचा पास सेकंडपेक्षा कितीतरी महाग, पण गर्दीच्या वेळी तिथेही उभंच राहावं लागतं. फरक इतकाच की श्वास घेता येतो. सेकंडच्या तिकिटावर फर्स्टमध्ये चढणं ही नवख्यांची ठरलेली चूक. फलाटावर जिथे फर्स्टचा डबा येतो तिथे लाल-पिवळे तिरके पट्टे असतात. कमीत कमी दंड २५० रुपये अधिक भाडं. एसी लोकलला वेगळं तिकीट किंवा पास लागतो, साध्या पासवर चढू नका.

इंडिकेटरवर चार गोष्टी वाचायच्या: कुठली गाडी, स्लो की फास्ट, बारा डबा की पंधरा डबा, आणि किती मिनिटांत. डबे किती ते महत्त्वाचं, कारण त्यावर तुमचा डबा फलाटावर कुठे थांबेल ते ठरतं. पहिला आठवडा तुमच्या उतरण्याच्या स्टेशनवर पूल कुठे आहे ते बघा आणि त्यासमोर येणारा डबा पाठ करा. रोजची पाच मिनिटं वाचतात.

चढण्याची रीत: सॅक पाठीवरून काढून पुढे घ्या किंवा वर रॅकवर टाका. दाराच्या बाजूला उभं राहा, मध्ये नाही. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. उतरायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडे सरकायला लागा आणि समोरच्याला विचारा, 'दादर उतरणार?' तो 'हो' म्हणाला तर त्याच्या मागे राहा, 'नाही' म्हणाला तर जागा बदलून घ्या. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही त्यालाच विचारा. बसलेल्या माणसाला 'कुठे उतरणार?' विचारून त्याची जागा सांगून ठेवणं ही इथली मान्य पद्धत आहे, त्यात उद्धटपणा नाही. तिघांच्या बाकावर चौथा बसतो. 'जरा सरका' म्हणायला लाजू नका आणि कुणी म्हटलं तर सरका.

जवळ उतरायचं असेल तर लांबची फास्ट पकडू नका. अंधेरीला उतरायचं आणि चढलात संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये, तर दारापर्यंत पोचेपर्यंत बोरिवली येतं, आणि डब्यातले लोक जे बोलतात ते वेगळंच. रविवारी घराबाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) कुठे आहे ते बघा, विशेषतः सेंट्रल आणि हार्बरवर. शेवटच्या गाड्या रात्री साडेबारा-एकच्या सुमारास सुटतात आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होतात.

रूळ ओलांडू नका, दाराबाहेर लटकू नका. हे सगळेच सांगतात आणि कुणी ऐकत नाही, तरी. रेल्वेची मदत १३९ वर, रेल्वे पोलीस १५१२ वर.

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. किमान भाडं रिक्षाचं २६ आणि टॅक्सीचं ३१ रुपये, मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळात पंचवीस टक्के जास्त. मीटरनेच जातात, घासाघीस करावी लागत नाही. बाहेरगावाहून आलेल्याला हे सुख वाटतं. बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये, एसीचं १२.

सातवी पायरी: पहिला पावसाळा

तयारी मे महिन्यातच करायची. खिडक्यांवर पावसाळी शेड आहे का, रबर सुटलं आहे का, गच्चीची दुरुस्ती झाली का, हे मालकाला पंधरा मेपर्यंत लेखी कळवा. जूनमध्ये कारागीर मिळत नाही आणि ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफिंग चिकटत नाही.

घरात कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही. चामड्याच्या चपला, पट्टे आणि बॅगा मेणकागदात नको, कापडी पिशवीत ठेवा. महिन्यातून एकदा पंख्याखाली काढा. मिठात तांदळाचे दाणे टाका. समुद्राजवळच्या घरात तर खारी हवा बाराही महिने लोखंड खाते. पत्र्याचं रॅक दोन वर्षांत गंजतं आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचं आयुष्य कमी होतं. जुना एसी घरासोबत मिळत असेल तर त्याची दुरुस्ती कुणाकडे, हेही करारात लिहा.

पाणी का तुंबतं ते कळलं की कधी निघायचं ते कळतं. शहराचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. भरती साडेचार मीटरच्या पुढची असेल आणि त्याच वेळी जोरदार पाऊस पडला, तर समुद्र पाणी घेत नाही, मग सखल भाग भरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हापासून भरतीचं वेळापत्रक बघण्याची सवय शहराला लागली. तुम्हीही ते फोनमध्ये ठेवा. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुर्ला-सायनचे रूळ ही नेहमीची ठिकाणं. भरतीला दोन तास उरले असतील आणि पाऊस थांबत नसेल तर ऑफिसातून लवकर निघा किंवा सरळ तिथेच थांबा. अधलंमधलं काही करू नका, अडकतात ते अधलेमधलेच.

बॅगेत या चार महिन्यांत जास्तीचे मोजे, प्लॅस्टिकची पिशवी, पॉवर बँक, बिस्किटं आणि पाण्याची बाटली कायम असू द्या. बुटांऐवजी रबरी सँडल घाला, बूट ऑफिसात ठेवा. गाडी मध्येच थांबली तर उडी मारून रुळांवर उतरू नका. साचलेल्या पाण्यातून चालावंच लागलं तर फुटपाथच्या कडेने नको, छत्रीच्या टोकाने पुढे चाचपत जा, कारण उघडं मॅनहोल वरून दिसत नाही. पायाला जखम असताना त्या पाण्यातून गेलात तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापावर प्रतिबंधक गोळी असते, ती वेळेत घेतली तरच उपयोग. तुंबलेलं पाणी, पडलेलं झाड, या तक्रारी महापालिकेच्या १९१६ वर.

भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या लाटा कठड्यापासून लांब, मागे उभं राहून बघा, कठड्यावर चढू नका. खालच्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर, म्हणजे चार पायांच्या ठोकळ्यांवर, तर पायच ठेवू नका. शेवाळाने ते साबणासारखे होतात.

खाणं आणि घरकाम

बाहेर खाणं इथे चैन नाही, सोय आहे. प्रत्येक मराठी वस्तीत पोळी-भाजी केंद्र असतं. पोळ्या तिथून आणायच्या आणि भात-आमटी घरी लावायची, हा नोकरी करणाऱ्या दोघांचा मधला मार्ग. स्टेशनबाहेर संध्याकाळी निवडलेली, चिरलेली भाजी मिळते. थोडी महाग, पण अर्धा तास वाचवते. घरकामाला येणाऱ्या मावशी कामागणिक पैसे घेतात: भांडी वेगळी, केर-लादी वेगळी, स्वयंपाक माणसांप्रमाणे. दर शेजाऱ्याला विचारूनच ठरवा, जास्त दिलेत तर सगळा मजला नाराज होतो. दिवाळीला एक पगार बोनस ही रीत.

मासे खाणाऱ्यांसाठी: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात 'ताजं पापलेट' म्हणून जे मिळतं ते बर्फातलं असतं, तेव्हा सुकट, सोडे आणि सुके बोंबील यांवर भागवा. नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरतो. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि अंग दाबल्यावर खड्डा न राहणारी मासळी घ्या. एकाच कोळणीकडे दोन-तीन महिने जा. मग ती स्वतःच 'आज नको' म्हणते, आणि त्या दोन शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

जे फुकट किंवा स्वस्त आहे ते आधी वापरा

दहा बाय दहाच्या खोलीत शनिवार-रविवार काढला तर मुंबई फक्त महाग वाटेल. वरळी सी फेस, कार्टर रोड, दादर चौपाटी, शिवाजी पार्कचा कट्टा यांना तिकीट नाही. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सकाळी लवकर गाठा. सोमवारी बंद, आणि आत कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जायचं तर अर्धा दिवस धरा. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद. हिवाळ्यापासून मेपर्यंत शिवडी आणि ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो असतात. शिवडीला भरती-ओहोटीची वेळ बघून जा, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात जातात.

नाटक बघायचं तर शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, प्रबोधनकार ठाकरे, कालिदास, ठाण्याचं गडकरी आणि वाशीचं विष्णुदास भावे यांपैकी एक तरी तुमच्या लाइनवर असणारच. मागच्या रांगांची तिकिटं स्वस्त असतात आणि आवाज तिथपर्यंत नीट पोचतो. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहूनही पाच वर्षं जुनं. सभासदत्वासाठी पत्त्याचा पुरावा लागला तर चौथ्या पायरीतली नोंदणीकृत प्रत पुढे करा.

एक दिवस शहराबाहेर पडायचं असेल तर गेटवेहून मांडव्याची बोट धरा, पुढे बसने अलिबाग. पावसाळ्यात त्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) बघा. तिचं वेळापत्रकही भरतीवर आणि हवामानावर हलतं, म्हणून आदल्या रात्री तपासून घ्या.